वजन उतरवतं ताट, टिकवतात पाय

चाळिशी ओलांडली की एक वाक्य घरोघरी ऐकू येतं : ‘आता शरीरच मंदावलं, पूर्वीसारखं पचत नाही.’ २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला आणि या समजुतीतली हवाच गेली. २९ देशांतली सहा हजारांहून जास्त माणसं, वय आठ दिवसांपासून ९५ वर्षांपर्यंत. प्रत्येकाचं शरीर दिवसाला किती ऊर्जा खर्च करतं ते मोजलं. शरीराचा आकार हिशेबात धरल्यावर दिसलं, की विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास तसाच राहतो. उतार लागतो तो साठीनंतर, आणि तोही वर्षाला जेमतेम ०.७ टक्क्याचा. बायकांची पाळी जाण्याच्या वयातही वेगळी घसरण दिसली नाही.

म्हणजे पंचेचाळिशीत पँटचं बटण लागेनासं झालं, तर सगळा दोष वयाच्या माथी मारता येत नाही. बसणं वाढलं, चालणं घटलं, स्नायू थोडे झिजले, झोप तुटली आणि ताट मात्र पंचविशीतलंच राहिलं. मला ही यादी आशादायक वाटते. वय मागे नेता येत नाही, पण यातलं बाकी बरंचसं बदलता येतं.

नाड्याची कसोटी

वजनकाटा जरा बाजूला ठेवा आणि एक लांब नाडा घ्या. आपल्या उंचीएवढा कापा, मधोमध दुमडा आणि कमरेभोवती गुंडाळा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. दोन्ही टोकं आरामात एकमेकांवर आली तर छान. मध्ये फट राहिली, तर पोटात चरबी साठू लागली आहे असं समजायला हरकत नाही. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हाच सल्ला ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यसंस्थेने २०२२ मध्ये दिला. पाच फूट चार इंच उंची असेल, तर कंबर ३२ इंचांच्या आत. इथे पँटचा नंबर धरू नका. पुष्कळ पुरुष पोटाच्या खाली पँट घालतात, त्यामुळे पोट वाढलं तरी नंबर तोच राहतो.

दोन डॉक्टर, एकच आकडा

उंचीच्या वर्गाने वजनाला भागलं की बीएमआय मिळतो. हे सूत्र १८३० च्या दशकात ॲडॉल्फ केटले या बेल्जियन गणितज्ञाने मांडलं. तो शोधत होता ‘सरासरी माणूस’. कुणाच्या पोटाची तपासणी करणं हा त्याचा हेतूच नव्हता. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये अन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने दिलं.

हा आकडा आपल्याला कसा चकवतो, याचा सगळ्यांत बोलका पुरावा पुण्याने दिला आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघंही सडपातळ, दोघांचाही बीएमआय बरोबर २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून वैद्यकात याला ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणतात.

याची पाळंमुळं जन्माच्याही आधी जातात. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोंची, तिकडची ३.५ किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटाचा घेर लहान. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला बारीक, आतून चरबीदार.

म्हणूनच आपल्याकडे २३ च्या पुढे बीएमआय गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. युरोप-अमेरिकेत हेच आकडे २५ आणि ३० आहेत. कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. ‘मी काही जाड नाही’ असं म्हणणाऱ्या मराठी माणसाने तरी नाड्याची कसोटी जरूर करून पाहावी.

चरबी जाते कुठे?

घामातून, असं बहुतेकांना वाटतं. ‘तिची उष्णता होते’ असं काही डॉक्टरही सांगतात. खरं उत्तर २०१४ च्या डिसेंबरमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हिशेबासकट मांडलं. दहा किलो चरबी जळाली, की त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. तुमचं उतरलेलं पोट चक्क हवेत गेलेलं असतं! मात्र खुर्चीत बसून जोरजोरात श्वास घेतल्याने काही साधत नाही. आधी स्नायूंनी इंधन मागितलं पाहिजे, तरच चरबी जळते.

किराण्याच्या यादीतलं पोट

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण वजन उतरायला सुरुवात होते ती इथूनच.

एक ग्रॅम पिष्टात किंवा साखरेत चार कॅलरी, एक ग्रॅम प्रथिनांतही चारच, आणि एक ग्रॅम तेलात किंवा तुपात नऊ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिवसाचं जे ताट सुचवलं, त्यात दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. चार मोठ्या माणसांच्या घराला हे महिन्याला सव्वातीन किलोंच्या आसपास पडतं. आपली किराण्याची यादी काढा आणि तेलाचा आकडा पाहा. पाच लिटरचा डबा महिनाभरही पुरत नसेल, तर डाएटचं पुस्तक आणण्याआधी फोडणीची पळी बदलावी. बाहेरची भजी, फरसाण, हॉटेलची पनीरची भाजी ही तर या यादीत येतच नाहीत.

त्याच ताटातला आणखी एक आकडा आपल्याला हलवणारा आहे. धान्य २५० ग्रॅम आणि भाजी ४०० ग्रॅम. भाजी धान्यापेक्षा जास्त! आपल्या ताटात पोळी-भाताचा डोंगर आणि डाव्या-उजव्या बाजूला भाजी-कोशिंबिरीची चिमूट असते. कोशिंबीर वाटीभर आणि भात मुदीपुरता घेतला, तरी मराठी ताट मराठीच राहतं.

चहाचा हिशेब तर तोंडी होतो. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, एक चमचा चार ग्रॅमचा. वर्षाला साडेअकरा किलोंहून जास्त साखर फक्त चहातून. दोनाचा एक चमचा केला की निम्मी साखर गेली, आणि जीभ काही आठवड्यांत त्या चवीला सरावते.

उपवासाचंही बोलायला हवं, कारण ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिनं नावालाच असतात. खिचडीत जी काही प्रथिनं येतात ती दाण्याच्या कुटातून, आणि कुटाबरोबर, तुपाबरोबर कॅलरीही येतातच. त्यापेक्षा वरीचे तांदूळ, राजगिरा, ताक आणि एखादं फळ हा उपवास पोटाला आणि कमरेला दोन्हींना मानवतो.

पचवायलाही खर्च येतो

खाल्लेलं पचवायला शरीर स्वतःच ऊर्जा खर्च करतं. तेल-तुपातल्या जेमतेम तीनेक टक्के कॅलरी या कामी जातात, पिष्टमय पदार्थांतल्या पाच ते दहा टक्के, पण प्रथिनांतल्या तब्बल २० ते ३० टक्के. शिवाय प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि व्यायामाला लागलेल्या स्नायूंना माल मिळतो. भारतीय शिफारस आहे शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. ६५ किलोंच्या माणसाला साधारण ५४ ग्रॅम. पातळ वरणाची एक वाटी आणि चार पोळ्या यांत ते भागत नाही. मटकीची उसळ, पिठलं, दही, ताक, अंडी, मासे, भिजवलेले हरभरे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवंच. पिठलं-भाकरीला साधं जेवण म्हणून बाजूला सारू नका. बेसनाच्या निमित्ताने डाळ ताटाच्या मधोमध येते.

‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतही रंगतो. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकर सांगतात थोडं-थोडं, वेळेवर, आपल्या मातीतलं आणि हंगामातलं खा. रस्ते वेगळे आहेत, पण अधूनमधून तोंडात टाकलेला वेफर-बिस्किटांचा चारा दोघांनाही नको आहे आणि व्यायाम दोघांनाही हवा आहे. माझ्या मते निवडीची कसोटी एकच : हे तुम्ही पाच वर्षांनीही करत असाल का? मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

वडापाव आणि सहा किलोमीटर

एका वडापावात साधारण ३०० कॅलरी. ७० किलोंच्या माणसाला तेवढ्या जाळायला पाच-सहा किलोमीटर चालावं लागतं. खायला पाच मिनिटं, फेडायला तासाहून जास्त. नुसत्या व्यायामावर वजन उतरवायला निघालेली माणसं महिनाभरात हिरमुसतात, ती याच गणितामुळे.

टांझानियातल्या हाडझा लोकांवरचा अभ्यास तर आणखी चक्रावून टाकतो. ही माणसं आजही शिकार करून, कंदमुळं खणून जगतात आणि रोज मैलोगणती चालतात. २०१२ मध्ये त्यांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला, तर शरीराच्या आकाराच्या मानाने तो ऑफिसात बसणाऱ्या अमेरिकनांएवढाच निघाला! शरीर हालचालीवर जास्त खर्च करतं तेव्हा दुसरीकडे कुठेतरी काटकसर करतं, असं संशोधक मानतात.

मग व्यायाम कशाला? इथेच या विषयाचा गाभा आहे. वजन उतरतं मुख्यतः ताटामुळे. उतरलेलं टिकतं ते पायांमुळे.

अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे. किमान साडेतेरा किलो वजन घटवून ते निदान वर्षभर राखलेल्या माणसांची. दहा हजारांहून जास्त नावं तिच्यात आली. ही माणसं करतात तरी काय? दहातले नऊ जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, बहुतेक जण चालतात. ७८ टक्के रोज न्याहारी करतात. ७५ टक्के आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात. ६२ टक्के आठवड्याला दहा तासांपेक्षा कमी टीव्ही बघतात. यात ना कुठलं चूर्ण आहे, ना कुठला चमत्कार.

याची दुसरी बाजू ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमाने दाखवली. स्पर्धकांनी काही महिन्यांत डोळे दिपतील इतकं वजन उतरवलं. सहा वर्षांनी १४ जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलेलं होतं आणि बसल्या जागी त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. घाईघाईने उतरवलेल्या वजनाची शरीर इतकी वर्षं आठवण ठेवतं. आणि ज्यांनी वजन राखलं होतं, ते कोण? ज्यांनी रोजची हालचाल सगळ्यांत जास्त वाढवली होती, ते. ‘महिन्यात दहा किलो’ ही जाहिरात दिसली की हे १४ जण आठवावेत.

कंडक्टर तगला, ड्रायव्हर अडकला

१९५३ मध्ये जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टराने लंडनच्या दुमजली बसवरच्या, ३५ ते ६४ वयाच्या हजारो पुरुषांची पाहणी केली. दिवसभर बसून बस चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिन्यावरून वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता आणि झालाच तर सौम्य होता. बस तीच आणि पाळ्याही त्याच. पुढे मॉरिसनी गणवेशाच्या नोंदी काढल्या, तर ड्रायव्हरांच्या पँटची कंबर मोठी. आणि ती कामावर लागतानाच मोठी होती, हेही त्यांनी प्रामाणिकपणे छापलं. मुंबईत बेस्टच्या डबलडेकरमध्ये ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना तो जिना चढणारा कंडक्टर डोळ्यांसमोर येईल. मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करत आणि ९९ वर्षं जगले.

हालचाल म्हणजे फक्त व्यायामाचा तास नव्हे, हे १९९९ मधल्या एका प्रयोगाने दाखवलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जास्त खायला घातलं. कुणाची चरबी ०.३६ किलो वाढली, कुणाची ४.२३ किलो! फरक पाडला तो उठ-बस, चुळबुळ, उभं राहणं, इकडून तिकडे जाणं अशा बारीकसारीक हालचालींनी. फोनवर बोलताना येरझाऱ्या घालाव्यात, भाजी आणायला गाडी काढू नये, कपडे वाळत घालणं आणि कुकर लावणं घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यावं. पुरुषांनी जरा जास्तच.

दहा हजार पावलांचं गूढ

हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार हा आकडा घातला. तोच पुढे जगभर पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. दिवसाला २,७०० पावलांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण चांगलंच कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. चालणं बंदच असेल, तर आज दीड हजार पावलं वाढवा. दहा हजारांच्या धास्तीने घरात बसू नका.

आणि आपली शतपावली! न्यूझीलंडमध्ये मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर प्रयोग झाला. दिवसातून कधीही एकदा ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची रक्तातली साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. आजी ताट उचलल्यावर अंगणात पिटाळायची, ते किती नेमकं होतं.

झोप मोडली की स्नायू जातात

शिकागोत दहा जाडसर माणसांना दोन-दोन आठवडे सारखाच मोजका आहार दिला. एकदा साडेआठ तास झोपायला दिले आणि एकदा साडेपाच. दोन्ही वेळा वजन सारखंच, तीनेक किलो उतरलं. पण पुरेशा झोपेत त्यातली चरबी १.४ किलो होती, अपुऱ्या झोपेत फक्त ०.६. उरलेली घट झाली ती मुख्यतः स्नायूंची. काटा खूश, शरीर मात्र तोट्यात. रात्री साडेबाराला मालिकेचा आणखी एक भाग लावताना हे लक्षात असू द्या.

बायकांसाठी हे जास्तच महत्त्वाचं. भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. त्या काळात झोप मोडते, आणि इस्ट्रोजेन घटल्यावर मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. वजन तेच राहिलं, तरी कंबर वाढते. अशा वेळी बाईला ‘खाणं कमी कर’ एवढंच सांगणं अन्यायाचं आहे. तिला झोप हवी, व्यायामाचा राखीव तास हवा आणि सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलेल्या आमटीऐवजी स्वतःचं पूर्ण ताट हवं.

औंधचे राजे आणि बोस्टनचे आजी-आजोबा

औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे बाळासाहेब, तरुणपणी युजेन सँडो या नामांकित पहिलवानाच्या पद्धतीने व्यायाम करत. चाळिशीच्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग त्यांनी ते आयुष्यभर सोडले नाहीत. संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार लावले आणि १९३८ मध्ये लंडनहून त्यांचं यावरचं इंग्रजी पुस्तकही निघालं. ना यंत्र, ना खर्च, सतरंजीएवढी जागा; आणि खांदे, दंड, पाठ, मांड्या सगळ्यांना काम. मध्यमवयात चालण्याच्या जोडीला हे असं ताकदीचं काही हवंच, कारण तिशीनंतर दर दहा वर्षांत तीन ते आठ टक्के स्नायू झिजतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते, आणि त्याखेरीज दोन दिवस स्नायूंचा. ही दुसरी ओळ आपल्याकडे कुणी वाचतच नाही.

‘आता या वयात?’ असं विचारणाऱ्यांसाठी १९९० मधला बोस्टनचा प्रयोग. वृद्धांच्या निवासात राहणारी दहा अशक्त माणसं, सरासरी वय ९०. त्यांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि एका पावलापुढे दुसरं पाऊल टेकवत चालण्याचा वेग ४८ टक्क्यांनी. मात्र व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी घसरली.

पंचेचाळिशीत सुरुवात करायला खुर्ची पुरे. हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा वेळा. मग भिंतीला हात टेकून दंड. मग दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या लिटरच्या बाटल्या. गुडघे दुखत असतील, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. नाहीतर आज संध्याकाळीच, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत, पहिले दहा होऊन जातील.